स्क्रीनवर ‘पोलिसांचा दंड’ दिसला तर: कुठलं पाऊल आधी, कुठलं नंतर

लॅपटॉपवर काहीतरी शोधत असताना एकदम अख्खी स्क्रीन भरते. वर अशोकस्तंभ, खाली गृह मंत्रालयाचं नाहीतर पोलिसांचं नाव. तुम्ही बंदी असलेली दृश्यं पाहिलीत, म्हणून संगणक ‘ब्लॉक’ केला आहे, तीस हजारांच्या आसपास दंड कार्डाने भरा, अमुक तासांत भरला नाहीत तर गुन्हा दाखल होईल, असा मजकूर. शेजारी उलटं मोजणारं घड्याळ. माउस हलत नाही, खिडकी बंद होत नाही.

माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर असं मशिन येतं तेव्हा व्हायरस काढायचं काम क्वचितच असतं. जास्त वेळ जातो तो स्क्रीन दिसल्यापासून दुकानात येईपर्यंत माणसाने जे केलेलं असतं ते निस्तरण्यात. एकाने पैसे भरले आणि लाजेपोटी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. एकाने दुसऱ्या दुकानात नेऊन विंडोज ‘फॉर्मॅट मारून’ घेतलं, त्यात मुलीच्या बारशाचे फोटो गेले. ती स्क्रीन तीन सेकंद एक बटण दाबून गेली असती. एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून घेऊन आले आणि सोबत आलेला मुलगा बाहेर जाईपर्यंत तोंड उघडेनात. तिघांनाही काय करायचं ते थोडंफार माहीत होतं, क्रम तेवढा उलटा झाला.

आत्ता या क्षणी स्क्रीन अडकलेली असेल तर तयारीचा भाग सोडून टप्पा १ वर जा. पैसे किंवा कार्डाचा नंबर देऊन झाला असेल तर आधी टप्पा ५, मशिनचं सगळं त्यानंतर.

## आधीची तयारी: अर्ध्या तासाचं काम

एक कागद. त्यावर १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन), बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर आणि खाते क्रमांक लिहा. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण अडकलेली वस्तू फोनच असू शकते. आणि ऐनवेळी गुगलवर ‘बँक कस्टमर केअर’ शोधायला गेलात तर तिथे दुसरा भामटा नंबर टाकून बसलेला असतो.

कार्डाचे दरवाजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १६ मार्च २०२० पासून दिलेली नवी कार्डं मुळात फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशिनवर चालतात. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार आपण स्वतः चालू करतो आणि मग विसरून जातो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ‘इंटरनॅशनल’ बंद करा. परदेशी व्यापाऱ्याकडे ओटीपीशिवायही कार्डावरून पैसे कापले जाऊ शकतात, म्हणून हा दरवाजा आधी लावायचा. ऑनलाइन खर्चाची मर्यादाही तिथेच कमी करता येते.

फोनला पिन. अँड्रॉइड ७ पासून एखादं बाहेरचं अ‍ॅप तुम्ही आधीच ठेवलेला पिन परस्पर बदलू शकत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन मात्र ‘कशाला ती कटकट’ म्हणून पिनशिवायच असतात. त्यांच्या फोनला आजच पिन ठेवा.

बिटलॉकरची किल्ली. ही पायरी जवळपास सगळे विसरतात. बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजच्याच कुलपाने आपोआप बंद असते. मशिन वेगळ्या वाटेने चालू करायला गेलं की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, पण ते खातं दुकानदाराने लॅपटॉप देताना कुठल्या ईमेलने उघडलं हे कुणालाच आठवत नाही. मशिन धड आहे तोवर ती की शोधा आणि वहीत उतरवा.

बॅकअप. बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा. चोवीस तास जोडून ठेवलेली डिस्क बॅकअपच्या कामाची नाही. फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यावरही तितक्याच सहज चालतो.

मुलं तोच लॅपटॉप वापरत असतील तर त्यांना वेगळं, साधं खातं काढून द्या, अ‍ॅडमिनचं नको.

## टप्पा १: हात थांबवा, फोटो काढा

१. माउसवरचा हात काढा. असल्या पानावर कुठेही क्लिक केलं की ते पुन्हा पूर्ण स्क्रीनभर पसरतं. पुढचं सगळं कीबोर्डवरून करायचं आहे.

२. सायरन किंवा बोलणारी बाई ऐकू येत असेल तर आवाज बंद करा. तो गोंधळ डोकं चालू नये म्हणूनच लावलेला असतो.

३. दुसऱ्या फोनने फोटो काढा. एक अख्ख्या स्क्रीनचा, एक वरच्या पत्त्याच्या पट्टीचा, एक रकमेचा आणि पैसे कुठे पाठवायचे त्याचा. यूपीआय आयडी, क्यूआर कोड, खाते क्रमांक, फोन नंबर, जे असेल ते स्पष्ट आलं पाहिजे.

४. वेळ लिहून ठेवा. त्याआधी कुठलं संकेतस्थळ उघडलं होतं तेही.

इशारा: दिलेल्या नंबरवर फोन नको. क्यूआर ‘फक्त बघायला’ म्हणून स्कॅन नको. ‘अलाऊ’ किंवा ‘ओके’ला हात नको. फोन केलात की पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं, म्हणजे त्याला लांबून तुमचं यंत्र चालवू देणारं, अ‍ॅप टाकायला सांगतो, आणि नुसत्या चित्रावर भागलं असतं ते प्रकरण तुमच्या बँक खात्यापर्यंत जातं.

लोक घाईने स्क्रीन घालवतात आणि नंतर तक्रारीला दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून फोटो आधी.

## टप्पा २: खरं कुलूप आहे की कुलपाचं चित्र?

इथे दोन मिनिटं द्या, कारण पुढची वाट यावर ठरते. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा. हा आदेश थेट विंडोजकडे जातो, कुठलंही वेबपान तो अडवू शकत नाही. विंडोजचा मेन्यू आला तर जवळजवळ नक्कीच ब्राउझरने पूर्ण स्क्रीनवर उघडलेलं एक पान तुमच्यासमोर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या निघतात. टप्पा ३ वर जा.

मशिन बंद करून चालू केल्यावर, ब्राउझर न उघडताच, तीच स्क्रीन परत आली तर एखादा प्रोग्रॅम आत बसला आहे. फाइली उघडत नाहीत, त्यांच्या नावामागे भलतंच शेपूट लागलंय आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी आहे, तर तो तिसरा आणि सगळ्यात वाईट प्रकार. या दोन्हींसाठी टप्पा ४.

आता माणसं कशाला फसतात ते. पानाच्या वर पत्त्याची पट्टी दिसते, तिच्यात सरकारी पत्ता, शेजारी छोटं कुलूप. ती पट्टी चित्र आहे. पान पूर्ण स्क्रीनवर गेलं की ब्राउझरची खरी पट्टी लपते आणि हे लोक तिच्या जागी रंगवलेली पट्टी दाखवतात. टप्पा ३ मध्ये एस्केप दाबाल तेव्हा एकाखाली एक दोन पट्ट्या दिसतील. वरची खरी, आणि तिच्यात सरकारशी काही संबंध नसलेलं विचित्र नाव असेल. तिचाही फोटो घ्या, तक्रारीत तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, ‘तुमचा आयपी अ‍ॅड्रेस आमच्याकडे आहे’. तो असतोच. तुम्ही उघडता त्या प्रत्येक संकेतस्थळाला तो दिसतो, त्याशिवाय पान तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. त्यावरून काढलेलं गाव तर बरेचदा चुकतं. साताऱ्यात बसलेल्या माणसाला ‘तुमचं ठिकाण: मुंबई’ असं दाखवणाऱ्या पोलिसांवर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

तपासा: भारतात पोलीस कुणाचा ब्राउझर बंद करून त्यातच कार्डाचा नंबर मागत नाहीत. फौजदारी गुन्ह्यातला दंड न्यायालय ठोठावतं, तोही बाजू ऐकून. वाहतुकीचं ई-चलान खरं असतं, पण ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरने स्वतः जाऊन तपासता येतं. पोलिसांना चौकशीसाठी बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस देतात. अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅप किंवा तत्सम मार्गाने बजावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मग वेबपानाची काय कथा!

## टप्पा ३: ब्राउझरच्या पानातून बाहेर

पुढच्या पायऱ्या या क्रमानेच करा. एक चालली की तिथे थांबा.

१. एस्केप दाबून धरा. नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबून भागत नाही. क्रोम आणि एजमध्ये काही पानं साधं दाबणं स्वतःकडे वळवून घेऊ शकतात, म्हणून तीन-चार सेकंद धरून ठेवा. पूर्ण स्क्रीन सुटते आणि खरी पट्टी दिसते.

२. सुटली नाही तर एफ-११.

३. मग ऑल्ट आणि एफ-४. खिडकी बंद व्हायला हवी. काही लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या बटणांसाठी एफएन सोबत धरावं लागतं. ‘एफ-४ चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं इथेच अडलेलं असतं.

४. तरीही नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप. टास्क मॅनेजर उघडतो. यादीत ब्राउझरचं नाव निवडा आणि ‘एंड टास्क’. माउसचा बाण त्या पानाने लपवलेला असला तरी टास्क मॅनेजरवर आला की दिसतो. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप दाबून ‘फोर्स क्विट’.

५. काहीच चाललं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद धरा. ही शेवटची पायरी आहे आणि लोक नेमकी तिच्यापासूनच सुरुवात करतात. वर्डमध्ये न जपलेलं काम त्यात जातं. टास्क मॅनेजरने गेला असता तो फक्त ब्राउझर.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. ब्राउझर पुन्हा उघडला की कोपऱ्यात ‘पानं परत आणू का’ असा प्रश्न येतो. हात सवयीने ‘रिस्टोर’वर जातो आणि दंडाची स्क्रीन पुन्हा हजर. मग माणूस म्हणतो, ‘बघा, गेलाच नाही, व्हायरस आहे.’ व्हायरस नाही हो, तुम्हीच बोलावून आणलात.

म्हणून ब्राउझर उघडण्याआधी वायफाय बंद करा. मग ब्राउझर उघडा. रिस्टोर नको. ‘जिथे सोडलं तिथून सुरू’ अशी सेटिंग ठेवलेली असेल तर ते पान आपोआप उघडायला जाईल, पण इंटरनेट नसल्यामुळे कोरंच राहील. तो टॅब बंद करा, सेटिंगमध्ये जाऊन सुरुवातीला कोरं पान उघडेल असं करा आणि मगच वायफाय लावा.

फोनवर हेच पान आलं असेल तर काम सोपं आहे. होम दाबा, उघड्या अ‍ॅप्सच्या यादीतून ब्राउझर वर सरकवून काढा, फोनला विमान मोडवर टाका, ब्राउझर उघडून तो टॅब बंद करा. तरी येत राहिलं तर सेटिंगमधल्या अ‍ॅप्समध्ये ब्राउझर निवडून त्याची कॅश (साठवून ठेवलेला तात्पुरता डेटा) पुसा. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये ‘हिस्टरी आणि वेबसाइट डेटा पुसा’ आहे.

तपासा: मशिन रीस्टार्ट करा. ब्राउझर न उघडता पाच मिनिटं एखादी फाइल, एखादा फोटो उघडून बघा. सगळं नेहमीसारखं चालत असेल तर ते नुसतं पान होतं. फॉर्मॅटची गरज नाही. कुणी दुकानदार ‘मारावाच लागेल’ म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि घरी या.

## टप्पा ४: कुलूप खरं निघालं तर

अँड्रॉइड फोन. इथे बहुतेक वेळा दार आपणच उघडलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ किंवा तशाच नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) येते, दंड किती ते बघायला माणूस ती टाकतो, मागेल ती परवानगी देतो. यातली काही अ‍ॅप्स स्क्रीन अडवतात. जास्त धोकादायक असतात ती गुपचूप मेसेज वाचणारी, कारण ओटीपी त्यांच्याकडे जातो.

१. विमान मोड लावा. स्क्रीन अडलेली असेल तर सिम काढा, वायफायचा राउटर बंद करा.

२. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. हे आत्ताच, साफसफाईनंतर नाही.

३. सेफ मोडमध्ये जा. बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण धरून ‘पॉवर ऑफ’ दिसलं की त्यावर बोट दाबून ठेवायचं. काही फोनवर चालू होताना आवाज कमी करण्याचं बटण धरावं लागतं. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे अडवणारी स्क्रीन येत नाही.

४. सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ शोधा आणि अनोळखी अ‍ॅपचा हक्क काढा. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्येही बघा. हे केल्याशिवाय अनइन्स्टॉलचं बटण फिकं दिसतं, दाबलं जात नाही, आणि लोक तिथे हार मानतात.

५. आता ते अ‍ॅप काढा. डाउनलोडमधली मूळ एपीके फाइलही पुसा.

६. फोन नेहमीसारखा चालू झाला की मेसेजचं मुख्य अ‍ॅप कुठलं आहे ते तपासा. डायलरवर *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का बघा, आणि असतील तर ##००२# ने सगळे रद्द करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा.

बँकेची अ‍ॅप्स असलेल्या फोनवर एपीके टाकली गेली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: फोटो आणि नंबर बाहेर काढा आणि फॅक्टरी रीसेट करा. लॅपटॉपवरच्या पानासाठी मी फॉर्मॅट नको म्हणतो, इथे मात्र करून टाका.

विंडोज. ब्राउझर न उघडता स्क्रीन अडकणारा हा जुना प्रकार आहे. २०१२ च्या सुमारास रेव्हटन नावाच्या व्हायरसने युरोप-अमेरिकेत तिथल्या पोलिसांच्या नावाने हेच केलं होतं. आता क्वचित दिसतो, पण दिसतो.

१. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा.

२. साइन-इनच्या स्क्रीनवर शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ करा. ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, रीस्टार्ट, आणि ४ दाबा. हा सेफ मोड. इथे बिटलॉकरची की मागितली तर तयारीतली वही काढा.

३. सेफ मोडमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’मधून अनोळखी नाव बंद करा.

४. नेहमीच्या विंडोजमध्ये परत येऊन ‘विंडोज सिक्युरिटी’तून डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं) ऑफलाइन स्कॅन चालवा. मशिन आपणच रीस्टार्ट होतं आणि साधारण पाव तास लागतो. मध्येच बंद करू नका.

फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर काहीही पुसू नका, चिठ्ठीसुद्धा नाही. बॅकअपची डिस्क ‘बघूया तरी’ म्हणून जोडू नका, तीही जाईल. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा प्रकल्प २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी सुरू केला. त्यांच्या संकेतस्थळावर एखादी कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी दिली की प्रकार ओळखून, किल्ली उपलब्ध असेल तर ती फुकट मिळते. दुसऱ्या, धड मशिनवरून जा. आज किल्ली नसली तरी फाइली जपून ठेवा, काही प्रकारांच्या किल्ल्या मागाहून बाहेर आल्या आहेत. हे एखाद्या पतपेढीत, कंपनीत, दवाखान्यात घडलं असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवणं बंधनकारक आहे.

## टप्पा ५: पैसे किंवा कार्डाचा नंबर दिला असेल तर

इथे मिनिटं मोजायची. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळत असतात आणि जिथे सापडतील तिथे गोठवता येतात.

१. १९३० लावा. नंबर व्यस्त लागला तर लावत राहा. सोबत घरातल्या दुसऱ्या माणसाला सायबर क्राइम पोर्टल उघडून तक्रार भरायला बसवा. पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे. तो स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका.

२. फोन लावतानाच हाताशी ठेवा: बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ, पैसे गेलेला यूपीआय आयडी किंवा खाते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक १२ अंकी असतो, अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. हा नंबर नसला की तिकडचा कर्मचारी थांबतो, तुम्ही शोधत बसता आणि पैसे पुढे सरकतात.

३. बँकेला वेगळा फोन. कार्ड कायमचं बंद करून घ्या. ‘पेमेंट फेल’ असं दिसलं तरी बंद करा. व्यवहार झाला नसेल, पण नंबर, मुदत आणि मागचे तीन अंक तर त्यांच्याकडे पोचले. आज रात्री नाही तर पुढच्या महिन्यात ते कार्ड वापरलं जाईल.

४. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी लेखी ईमेलही करा. फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही.

इशारा: ओटीपी आला असेल पण दिला नसेल तर तो मेसेज पुसू नका. त्यात व्यापाऱ्याचं नाव आणि रक्कम असते. सरकारी दंडाच्या ओटीपीत भलत्याच दुकानाचं नाव दिसलं की आणखी पुरावा शोधायची गरज नाही. आणि एकदा पैसे भरले म्हणून स्क्रीन सुटेल असंही नाही. उलट पैसे देणारा गिऱ्हाईक सापडला म्हणून दुसरी मागणी येते.

रिझर्व्ह बँकेचा ‘तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य’ हा नियम लोक मला दाखवतात. तो तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच केलेल्या, तुमच्या परवानगीशिवायच्या व्यवहारासाठी आहे. तुम्ही स्वतः नंबर आणि ओटीपी टाकला असेल तर बँक त्याकडे बोट दाखवणार. तरीही लवकर कळवा, कारण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेवर येते.

## टप्पा ६: तक्रार

पैसे गेले नसतील तरी पोर्टलवर तक्रार करा. पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्या संकेतस्थळाचा पत्ता बंद करायला ती उपयोगी पडते. ‘फायनान्शियल फ्रॉड’ हा भाग पैसे गेले असतील तेव्हाचा, बाकीच्यांसाठी इतर सायबर गुन्ह्यांचा. चुकीचा भाग निवडला की तक्रार भलत्या टेबलावर फिरते.

हकिगत साधी लिहा: किती वाजता, कुठल्या संकेतस्थळावर, काय दिसलं, काय मागितलं, मी काय केलं. ‘मी काय बघत होतो’ याचं स्पष्टीकरण कुणी मागितलेलं नाही. माझ्याकडे येणारे लोक अर्धा अर्ज सफाई देण्यात घालवतात. ही पानं फुकट सिनेमांच्या, सॉफ्टवेअरच्या, क्रिकेटच्या संकेतस्थळांवरच्या जाहिरातींतून आणि एखादं अक्षर चुकवून टाइप केलेल्या पत्त्यावरूनही उघडतात. दंडाची स्क्रीन आली म्हणून तुम्ही काही केलं, असं होत नाही.

रक्कम मोठी असेल तर पोलीस ठाण्यात एफआयआरचा आग्रह धरा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर चालत नाही, शून्य एफआयआरची, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची, तरतूद कायद्यात आहे. लोकसेवक असल्याची बतावणी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली, खंडणी कलम ३०८ खाली आणि तोतयेगिरी करून फसवणूक कलम ३१९ खाली गुन्हा आहे. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-डी. कलमं तुम्ही लावायची नसतात, पण तोंडपाठ असली की समोरचा नीट ऐकतो.

तपासा: पोर्टलवरचा पोचक्रमांक, बँकेचा तक्रार क्रमांक, टप्पा १ चे फोटो. तिन्हींची एक प्रत ईमेलने स्वतःला पाठवा. पैसे गोठवले गेले तरी ते परत मिळायला बरेचदा न्यायालयाचा आदेश लागतो आणि तोवर हे कागद लागतात.

## टप्पा ७: साफसफाई

आता, पुरावा जपून झाल्यावर. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या यादीतली अनोळखी नावं काढा. पान गेल्यावरही उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा संगणक धोक्यात’ अशा पाट्या येत राहतात त्या इथून येतात. कधीतरी ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. त्यापुढे ‘एक्स्टेन्शन्स’ बघा, स्वतः न टाकलेली काढा. मग डिफेंडरचं पूर्ण स्कॅन आणि ब्राउझर अपडेट.

पासवर्ड बदलायचे का? नुसतं पान आलं असेल तर नको. काही टाइप केलं असेल, फोन करून अ‍ॅप टाकलं असेल किंवा एपीके असेल तर हो. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्यावरून बदलता येतात, मग बँकेचे. आणि हे दुसऱ्या, धड यंत्रावरून.

## टप्पा ८: घरात काय बोलायचं

सप्टेंबर २०२३ मध्ये केरळात कोझिकोडच्या एका १६ वर्षांच्या मुलाच्या लॅपटॉपवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नावाने अशीच स्क्रीन आली होती, ३३,९०० रुपये मागणारी. त्याने घरी कुणाला सांगितलं नाही आणि जीव दिला. म्हणून हा टप्पा इथे आहे.

मुलांना आजच, काही घडलेलं नसताना, मोबाइलवर यातला एखादा फोटो दाखवा आणि एकच वाक्य सांगा: अशी स्क्रीन आली तर मला हाक मार, तू काय बघत होतास ते मी विचारणार नाही. आणि मग खरंच विचारू नका. वडीलधाऱ्यांशीही तसंच. गुरुजींच्या मुलाला मी बाहेर बसवलं तेव्हा कुठे कळलं की त्यांनी कार्डाचा नंबर दिला होता, आदल्या संध्याकाळी. कुणी फारच खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असतो.

आठवड्या-दोन आठवड्यांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी भरा.’ गेलेले पैसे परत मिळवून देण्यासाठी १९३० किंवा पोलीस फी घेत नाहीत. फोन ठेवा, पोर्टलवर जाऊन आपल्या पोचक्रमांकाने तक्रारीची स्थिती बघा, आणि हा नवा नंबरही त्याच ठाण्यात कळवा.